पेंटर पडद्याकडे पाठ करून बसतात

आधी एक गोष्ट सांगून टाकते. पेंटर हयात आहेत. ठणठणीत आहेत. आमच्याकडे एखाद्या माणसावर कुणी चार ओळी लिहिल्या आणि त्यात ‘म्हणायचे’, ‘बसायचे’ असं काही आलं, की वाचणारा हळहळायला लागतो. म्हणून ही खबरदारी. शिवाय या बाबतीत माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली आहे, आणि पेंटरांविषयी सांगायचं तर ती चूक सांगितल्याशिवाय सुटका नाही.

कोरेगावात स्टँडच्या थोडं पुढे त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. भिंती आणि पाट्या रंगवायचं त्यांनी केव्हाच सोडलं, पण नाव पेंटर ते पेंटरच राहिलं. खरं नाव त्यांच्या बायकोला आणि रेशनकार्डाला तेवढं माहीत असावं. आयुष्यभर वापरलेले ब्रश त्यांनी एका डब्यात जपून ठेवले आहेत. दर रविवारी ते टर्पेंटाइनमध्ये धुतात, पुसतात आणि परत डब्यात ठेवतात. रंगवत तर काही नाहीत, मग धुता कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “न्हाई धुतलं तर केस ताठ व्हत्यात.” एवढंच. त्यांच्याकडे प्रश्नाचं उत्तर मिळतं, पण आपण विचारलेल्याच प्रश्नाचं मिळेल असं नाही.

त्यांचे नियम गावभर माहीत होते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जास्तीत जास्त तीन चेहरे. एकदा कुणी तरुण नेते शुभेच्छुकांचे बेचाळीस फोटो पेनड्राइव्हवर घेऊन आले. पेंटरांनी सगळे फोटो शांतपणे बघितले आणि विचारलं, “ह्यो वाढदिवस हाय का मतदार यादी?” गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं. पेंटर चहाला गेले.

दुसरा नियम रस्त्याचा. कुठलीही पाटी छापण्याआधी ते तिचा कागदावर नमुना काढायचे आणि गिऱ्हाइकालाच तो हातात धरून दारात उभं करायचे. मग स्वतः रस्ता ओलांडून पलीकडच्या रसाच्या गाड्यापर्यंत जायचे आणि तिथून चालता चालता एक नजर टाकायचे. थांबायचं नाही, डोळे बारीक करायचे नाहीत. “पाटी कुणी थांबून वाचत न्हाई गड्या. जाता जाता जेवढी घुसती तेवढीच पाटी.” परत येऊन निकाल द्यायचे, तो दोनच प्रकारचा असायचा. ‘कळलं’ किंवा ‘न्हाई कळलं’. चांगलं, वाईट, छान, सुंदर हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. भले भले लोक फ्लेक्सचा कागद छातीशी धरून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे त्या दारात उभे असलेले मी बघितले आहेत. पुढे मीही उभी राहिले.

मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात माध्यमांचा अभ्यासक्रम करत होते. शेवटच्या वर्षाला एक लघुपट करायचा होता. मी आईवर केला. माझा दादा फौजेत आहे. कुठे आहे ते सांगायचं नसतं, आणि बऱ्याचदा आम्हालाही माहीत नसतं. रविवारी त्याला रेंज मिळाली तर फोन येतो. पण आईचा रविवार सोमवारी सकाळीच सुरू होतो. आल्याच्या शेतात खुरपत असली तरी तिचा फोन प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून, कापडी पिशवीत घालून कमरेला खोचलेला असतो. मी ते सगळं टिपलं. कॅमेरा जतच्या माझ्या मैत्रिणीने केला. आवाज मी धरले, त्यात आईच्या फोनची खरी रिंगसुद्धा. सिनेमा बावीस मिनिटांचा झाला आणि आम्हा दोघींना तो फार मोठा वाटला. लांबीने नव्हे, योग्यतेने.

मला पुढे पुण्याला सिनेमाच शिकायला जायचं होतं. तात्या, म्हणजे माझे वडील, स्वतः फौजेतून रिटायर झालेले. त्यांचं मत होतं की मुलीने पोलीस भरती द्यावी. उंची आहे, धावते, मग अडलंय कुठे. पुष्कळ वाद झाले. शेवटी त्यांनी अट घातली. “तुझा शिनेमा गावाला दाखीव. गाव शेवटपातूर बसलं तर जा पुण्याला. मधनं उठलं तर सोमवारपास्नं ग्राउंडवर पळायचं.” मी हो म्हटलं. शनिवार ठरला, कोरेगावजवळच्या आमच्या गावातल्या शाळेचं मैदान ठरलं.

त्याआधी अभिप्राय घ्यायचे म्हणून मी शिस्तीत कामाला लागले. ऑनलाइन फॉर्म केला. कथा कशी वाटली, संगीत कसं वाटलं, एक ते पाच तारे द्या. एकोणतीस जणांनी भरला आणि सगळ्यांनी पाच तारे दिले. ‘अप्रतिम ताई.’ ‘डोळे पाणावले.’ एकाने तर मी लिंक पाठवल्यावर दोन मिनिटांत डोळे पाणावल्याचं कळवलं. कॉलेजातले सर म्हणाले की सिनेमात थर आहेत. मी तरंगतच कोरेगावला आले, कारण आता पोस्टर छापायचं होतं, आणि आमच्या भागात त्यासाठी पेंटरांशिवाय दुसरं कुणी मला ठाऊक नव्हतं.

पेंटरांनी फॉर्मचा निकाल फोनवर वरखाली करून बघितला. “ह्येच्यात पाय कुठं दिसत्यात?”

“कसले पाय?”

“बघणाऱ्याचं पाय.” मग म्हणाले, “पाटी मागनं बघू. आधी शिनेमा दाव.”

त्यांच्या दुकानात ताजा फ्लेक्स जमिनीवर अंथरलेला असतो, त्यामुळे चपला बाहेरच्या पायरीखाली काढायच्या. पायरीवर एसटीची वाट बघणाऱ्या बायका टेकलेल्या असतात. पेंटरांनी त्यातल्या तिघींना हाक मारली. “आवं मावशी, ह्या पोरीनं शिनेमा काढलाय, जरा बघा.” कॉम्प्युटर दाराकडे फिरवला. तिघी चपला काढून पायरीवर दाराकडे वळून बसल्या. आत मशीन छपाई करत होतं, एक शब्द ऐकू येत नव्हता. मी म्हटलं, काका, आवाज महत्त्वाचा आहे. ते म्हणाले, “आवाज मागनं. आधी डोळ्याला कळू दे.” आणि स्वतः पडद्याकडे पाठ करून, पायरीसमोर स्टूल टाकून, त्या तिघींच्या पायांकडे बघत बसले. हातात जुनी लग्नपत्रिका आणि पेन्सिल. मधून मधून माझ्याकडे न बघता विचारायचे, “किती मिनटं झाली?” मी सांगायची. ते लिहून घ्यायचे.

सिनेमा संपला. मावशींनी तोंडभरून कौतुक केलं. त्या एसटीत बसल्यावर पेंटरांनी लग्नपत्रिका माझ्यापुढे धरली. नऊ आकडे होते. “हितं हितं पाय चपलंत गेलं. माणूस तोंडानं खोटं बोलतंय, पाय बोलत न्हाई. पाय चपलंकडं गेला की समजायचं, तिथं तुझा शिनेमा उसाच्या मळ्यात गेला. तेवढं काप.”

मी भांडले. सहाव्या मिनिटाला आई सूर्यास्ताच्या वेळी बांधावरून चालत जाते, ते दृश्य सलग अडीच मिनिटांचं होतं. माझ्या मैत्रिणीने त्यासाठी तीन संध्याकाळी उन्हाची वाट बघितली होती. पेंटर म्हणाले, “चालंना तुझी आई. पर ती कुठं चाललीय ते मला कळंना, आन मावशीची एसटी तर तिकडं लागाय लागली.” मी तणतणत घरी गेले. रात्रभर रागावून झाल्यावर सकाळी ते दृश्य वीस सेकंदांवर आणलं. परत गेले. पायरीवर नव्या तीन बायका, परत स्टूल, परत नवी लग्नपत्रिका. सात आकडे. मी चार वेळा गेले. चौथ्या वेळी पत्रिका कोरी राहिली. तेव्हा सिनेमा अकरा मिनिटांचा उरला होता आणि, मला मान्य करायचं नव्हतं तरी, पहिल्यांदाच सिनेमासारखा दिसत होता.

स्टेटसला ठेवायला मी एक ट्रेलर केला होता. त्यात आई वाट बघते, फोन येत नाही, मग येतो, ती हसते. पेंटर म्हणाले, “समदं हितंच सांगितलंस. मग शनवारी मी काय भजी खायाला येऊ?” ट्रेलरमध्ये फक्त पिशवीत फोन ठेवणारे हात उरले.

इतकं सगळं ऐकणारी मुलगी पोस्टरच्या वेळी मात्र अडून बसली. कारण पोस्टर मी स्वतः केलं होतं आणि त्यावर माझा जीव होता. दादाचा वर्दीतला फोटो, सरळ समोर बघणारा. त्यातले रंग काढून टाकले. मागे सगळं काळं. एका कोपऱ्यात समईची ज्योत, कारण सिनेमात आई संध्याकाळी दिवा लावते. मधोमध सिनेमाचं नाव, ‘शेवटची रिंग’. तळाला बारीक अक्षरांत लघुपट, शनिवारी संध्याकाळी, शाळेचं मैदान.

पेंटरांनी ते कागदावरही काढलं नाही. पडद्यावरच बघत राहिले. “ह्यो कोण?”

“माझा दादा.”

“हाय का?”

“म्हणजे?”

“हाय का ह्यो पोरगा?”

“आहे की. परवा रविवारीच बोलला.”

“मग छापणार न्हाई.”

मी समजावलं. ही कलात्मक मांडणी आहे, काळ्यापांढऱ्यात एक खोली असते, वगैरे. सरांनी शिकवलेलं सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आपल्या भागातल्या तीन पोरांचं काळंपांढरं ह्या हातानं केलंय. तिघांचं बी बाप हितंच पायरीवर बसलं हुतं, छापून हुस्तवर. हयात पोराचं करायचं न्हाई मला.”

मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मला एवढंच दिसलं की हा माणूस माझ्या आवडत्या गोष्टीला नाही म्हणतोय. मी म्हटलं, “काका, तुम्हाला पोस्टर कळत नाही.”

“व्हय,” ते म्हणाले, “न्हाई कळत. मला पाटी कळती.”

मी साताऱ्यात एका दुकानातून ते छापून घेतलं. गुरुवारी सकाळी मी आणि जतची मैत्रीण, दोघींनी ते गावाच्या फाट्यावर बांधलं, चांगलं दहा फूट. तिला साताऱ्याच्या एसटीत बसवून मी घरी आले, आंघोळ केली आणि कुडत्याला इस्त्री करत बसले.

आठच्या सुमाराला किराणा दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला. आमच्या गावाची रीत आहे, वाईट बातमी आली की दुकान बंद. मला वाटलं, कोण गेलं असेल बरं. मग आमच्याच ओट्यावर माणसं यायला लागली. टोप्या सावरत येत होती आणि एक शब्द न बोलता बसत होती. सांगायला शरम वाटते, पण मला क्षणभर वाटलं की पोस्टर बघून आली आहेत. तात्या डेअरीत दूध घालून परत आले. दारात एवढी माणसं बघून ते थांबले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. फौजेतला माणूस, त्यांनी दुधाची किटली हळूच खाली ठेवली आणि भिंतीला हात टेकला. तेव्हा मला कळलं.

मी ओरडले की दादा बरा आहे, ते सिनेमाचं पोस्टर आहे, खाली लिहिलं आहे. खाली लिहिलेलं कुणी वाचलं नव्हतं. मोटरसायकलवरून जाता जाता जेवढं दिसलं तेवढं गावाने वाचलं होतं. वर्दी, काळा रंग, दिवा, शेवटची. तोवर शेजारच्या काकूंनी शेतात जाऊन आईला मिठी मारली होती आणि त्या काही न सांगता रडायला लागल्या होत्या. आई अनवाणी धावत आली. मी तिलाही सांगितलं, पोस्टर आहे ते, आई. ती म्हणाली, “मग लाव फोन.”

फोन लागला नाही. परत लावला. लागला नाही. मी खरं सांगते आहे हे सगळ्यांना कळलं होतं, तरी ओट्यावरचं एकही माणूस उठलं नाही. चाळीस मिनिटं गेली. आई ओट्यासमोर उभी होती, तिच्या हातापायांना ओली माती होती, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मग दादाचाच फोन आला. “परेडला होतो. फोन बंद होता. एवढ्या मिस कॉलचे मेसेज? काय झालं?”

आई म्हणाली, “जेवलास का?” आणि खाली बसली. दोन मिनिटं बोलून तिने फोन कागदात गुंडाळला, पिशवीत घातला आणि परत शेतात गेली.

मी फाट्यावर पोचले तेव्हा पेंटर शिडीवर होते. कुणीतरी त्यांना फोटो पाठवला होता. त्यांनी एकेक दोरी सोडली आणि फ्लेक्सची आतल्या बाजूने गुंडाळी केली. आमच्याकडे जुना फ्लेक्स कडब्यावर झाकायला जातो. तो त्यांनी कुणाला मागू दिला नाही, मोपेडला बांधला. मी वाट बघत होते की ते म्हणतील, मी सांगितलं होतं. ते वाक्य आलंच नाही, आणि त्यामुळे मला जास्त रडू आलं. त्यांनी थोडा वेळ रडू दिलं. मग विचारलं, “शिनेमा कवा हाय?”

“शनिवारी. पण आता कसला सिनेमा.”

“आज गुरवार. दोन दिस हायती. चल.”

घरी तात्या म्हणाले, शो होणार नाही. पेंटर ओट्यावर टेकले. “आवं, चूक पाटीची हाय, शिनेमाची न्हाई.”

“शिनेमात तरी काय येगळं असणार?”

“ते मला म्हाईत न्हाई. मी अजून आवाज ऐकला न्हाई त्येचा.”

तात्यांनी सकाळपासून खाली राहिलेली दुधाची किटली उचलून आत ठेवली. बाहेर येऊन म्हणाले, “तिच्या आईला इचारा. ती व्हय म्हणली तर व्हय.”

संध्याकाळी मी शेतात गेले. माफी मागायची कशी हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून खुरपं घेऊन तिच्या शेजारच्या सरीत बसले. एक सरी संपली. मग खुरपायचं न थांबवता आई म्हणाली, “दाखीव शिनेमा. पर त्येचा फोटो नगं. माझा लाव. मी हितं हाय.”

मी तिथेच मोबाइलवर तिचा फोटो काढला. आल्याचं हिरवंगार शेत, हाताला माती, कमरेची पिशवी, कपाळावरचा घाम. नावही तिनेच दिलं, ‘रविवारचा फोन’. शुक्रवारी सकाळी पेंटरांनी कागद काढून माझ्या हातात दिला आणि मला दारात उभं केलं. रसाच्या गाड्यापाशी गेले, चालता चालता बघितलं, परत आले.

“कळलं,” म्हणाले.

फ्लेक्स छापून दिला आणि वर एक काम लावलं. “पाटीनं गाव घाबरलंय. आता नुसती पाटी पुरायची न्हाई. उंबऱ्या-उंबऱ्याला जा, चुकलं म्हण, आन उद्या या म्हणून सांग.” मला भीती वाटत होती, पण पुण्याला जायचं होतं, आणि त्याहून जास्त, आईच्या त्या चाळीस मिनिटांनंतर तोंड लपवून बसायचं नव्हतं. मी सगळ्या घरांना गेले. एक आजोबा पाऊण तास रागावले आणि शेवटी विचारलं, किती वाजता हाय. एका आजी म्हणाल्या, “पोरी, काळजाचं पाणी केलंस गं,” आणि हातावर गुळाचा खडा ठेवला. त्या दिवशी माझ्या सिनेमाची जाहिरात मी स्वतः होते.

शनिवारी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. लोकांनी चपला बाजूला काढल्या आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसले. पेंटरांनी घडीची खुर्ची आणली होती. ती त्यांनी चादरीच्या खाली एका कडेला, लोकांकडे तोंड करून मांडली. कुणीतरी म्हणालं, “पेंटर, शिनेमा तिकडं हाय.” ते म्हणाले, “म्हाईत हाय.”

मला मागे वळून बघायचा धीर नव्हता. अकरा मिनिटं मी चादरीवरून नजर हलवली नाही. संपल्यावर टाळ्या झाल्या, पण टाळ्या म्हणजेसुद्धा पाच तारेच, हे आता मला समजत होतं. आई बायकांच्या घोळक्यातून घरी गेली. तात्या सतरंज्या गुंडाळायला लागले. मी पेंटरांकडे गेले. लग्नपत्रिका कोरी होती.

“एक पाय हलला न्हाई,” ते म्हणाले. “तुझा बाप मागं निंबाखाली उभा हुता, चपला घालून, जायाच्या तयारीत. तिसऱ्या मिनटाला चपला काढल्या आन तिथंच मातीत बसला.”

“आणि आई?”

पेंटरांनी खुर्चीची घडी घातली. मग बोलले. “नवव्या मिनटाला फोन वाजला बघ. तुझ्या आईनं कमरंची पिशवी सोडली. भिंतीवरला फोन हाय हे तिला म्हाईत हुतं की. तरी हातात घिऊन बसली, शेवटपातूर.”

 वाटलं, आज तरी हा माणूस चांगलं म्हणेल. त्यांनी खुर्ची काखेला मारली.

“सोमवारी पुण्याची पहिली गाडी साडेसहाला हाय,” ते म्हणाले आणि चालायला लागले.